अकराव्या जनुकाच्या पाट्या

पत्र व्हिएतनाममधून आलं होतं आणि फार सभ्य होतं. अकरावं जनुक बंद म्हणून तुम्ही पाठवलेल्या सहा बेण्यांपैकी तिनांत ते शाबूत दिसतंय, आमचंच काही चुकत असेल तर कळवावं, असं तिथल्या एका संशोधक बाईंनी लिहिलं होतं. रत्तिकानने ते दोनदा वाचलं, उठून चहाचा कप विसळला आणि परत येऊन बसली.

ती थायलंडमध्ये खोनकेनजवळच्या एका विद्यापीठात कसाव्यावर काम करायची. साबुदाण्याचं हे पीक पालाशाच्या, म्हणजे पोटॅशच्या, बाबतीत भारी खादाड, जमिनीत पालाश कमी पडला की कंद बोटाएवढे राहतात. पालाश मुळांतून आत ओढून झाडभर पोचवणारी वीसेक जनुकं तिने शोधली होती. सगळी एकाच कुळातली, म्हणून तिने त्यांना नुसते आकडे दिले होते. खरा भार अकरावं उचलतं, असा तिचा कयास. ते बंद पाडलेली बारा झाडं आणि साधी बारा झाडं तिने पालाश जेमतेम असलेल्या वाळूत वाढवली. बंदवाल्यांचे कंद निम्मेच भरले. दोन वर्षांपूर्वी त्यावरचा तिचा शोधनिबंध छापून आला होता.

लावणीआधी तिने एकेक कांडी तपासली होती, त्यामुळे नंतर पुन्हा तपासायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आता तिने त्या झाडांची राखून ठेवलेली बेणी काढली आणि सगळ्यांची पानं तपासली. ‘बंद’ अशी पाटी असलेल्या बारांत पाच साधी निघाली, आणि साध्या बारांत पाच बंद. यंत्राची चूक अशी मोजूनमापून होत नाही. हे कुणाच्या तरी हातचं होतं, आणि हरितगृहात तिच्याखेरीज एकाच माणसाचा हात फिरायचा.

बुआलोई मावशी एकोणीस वर्षं तिथली झाडं सांभाळत होती. दुपारी ती शेडच्या सावलीत वेताच्या डबीतला चिकट भात बोटांनी वळत बसली होती. रत्तिकान शेजारी टेकली आणि तिने यादी पुढे धरली. मावशीला वाचायची गरज पडली नाही. तिने हात पुसले.

“वादळाच्या वर्षी झालं ते, बाई. सकाळी आले तर मांडणी कोसळलेली, कुंड्या आडव्या. काही पाट्या जागेवर होत्या, बाकीच्या चिखलात.”

“मला का सांगितलं नाहीत?”

“तुम्ही बँकॉकला होता, आईंपाशी. फोनवर विचारलंत, झाडं ठीक आहेत ना? मी म्हटलं, ठीक आहेत. दुपारी कळलं, आई गेल्या. मग कुठल्या तोंडानं सांगू? आणि नंतर तर उशीरच होत गेला.”

“मग पाट्या लावल्या कशा?”

“अंदाजानं. तुम्हीच म्हणायचात ना, अकरावं बंद असलं की झाड अशक्त राहणार. मग जी बारीक दिसली त्यांना ती पाटी खोचली.”

रत्तिकानने यादीची घडी घातली. म्हणजे तो निकाल झाडांनी दिलाच नव्हता. तिने जे बोलून दाखवलं होतं, तेच मावशीने पाट्यांवर तिला परत केलं होतं.

“राग आलाय ना?” मावशीने विचारलं.

“यायला हवा. अजून नाही आला.”

आई गेल्यापासून तिचं असंच चाललं होतं. बातमी आत शिरायची, पण कुठेच लागायची नाही. चितेपाशीही ती आल्यागेल्याला पाण्याच्या बाटल्या वाटत उभी होती. मावशीने डबी पुढे केली. तिने एक घास घेतला, चावला, गिळला.

विभागप्रमुखांचं म्हणणं पडलं की ती दहा झाडं वगळून गणित पुन्हा मांडावं आणि एक छोटी दुरुस्ती छापावी. तिने मांडून पाहिलं होतं, ते लंगडत होतं. तिने निबंध मागे घेतला. चूक कुणाची, हे त्यांनी विचारलं तेव्हा, वादळानंतर पाट्या बदलल्या आणि जबाबदारी माझी, एवढंच तिने लिहून दिलं. बढतीची फाइल महिन्याभरात परत आली. तिने ती कपाटात ठेवली.

थंडी सुरू होताना नवी लावण झाली. या वेळी पत्र्याचे क्रमांक तारेने खोडालाच बांधले, आणि कुठलं झाड कसलं याची यादी प्रयोगशाळेतल्या एकाकडून करवून, स्वतः न बघताच पाकिटात बंद करून कार्यालयातल्या कारकुनाकडे दिली.

“यातली अशक्त कुठली निघायची?” मावशीने नळ सोडता सोडता विचारलं.

“ते मलाही माहीत नाही.”

“मग पाणी?”

“सगळ्यांना सारखं, मावशी.”

मावशी नळी हातात धरून थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग पहिल्या कुंडीपासून सुरुवात केली. मागच्या खेपेला पाणीही पाट्या बघूनच पडलं असावं, हे रत्तिकानच्या लक्षात आलं.

आठ महिन्यांनी कंद काढले, तोलले, पाकीट फोडलं. फरक होता, पण अगदी थोडा. अकरावं नसलं तर कुळातली बाकीची जनुकं त्याचं काम ओढून नेत असावीत. तिने तसं वहीत लिहिलं आणि व्हिएतनामच्या बाईंनाही कळवलं.

“काय निघालं?” मुळांवरची वाळू धुता धुता मावशीने विचारलं.

“फारसं काही नाही.”

“एवढी वाळू उपसून?” मावशी हसली.

रत्तिकानला हसू आलं नाही. तिने पायघोळ स्कर्ट वर खोचला, मावशीच्या हातातली नळी घेतली आणि उरलेले कंद धुवायला बसली.