राखेने घासलेली काच

मी एक जुनी, काळपट काच आहे. मित्रांनो, काजळी धरलेल्या कंदिलाच्या काचेसारखी मी दिसते, पण माझा स्वभाव वेगळा. उजेडाची लाट उभी डोलत आली तर मी तिला वाट देते. आडवी आली तर अडवते. माझ्या अंगावरची नाजूक पापुद्र्याची चादर हे काम करते.

१९७४ च्या उन्हाळ्यात शंकरराव सरांनी मला दौंडच्या शाळेत आणले. त्यांना भीमेच्या पात्रावरून उजेडाने निरोप पाठवायचा होता. पलीकडच्या काठावर मोटारीचा दिवा, त्याच्यापुढे माझी जुळी बहीण. अलीकडे पत्र्याच्या नळीत मी. बहीण उभी धरली की उजेड दिसायचा, म्हणजे ‘हो’. आडवी धरली की अंधार, म्हणजे ‘नाही’. प्रयोग जमला तर सिमेंटची पोती भरलेली खोली विज्ञानासाठी मिळणार होती.

संस्थेचे बापूसाहेब चार पाहुणे घेऊन आले. वाळू तापलेली होती. नळीतला ठिपका थरथरत होता, मंद होत होता, पुन्हा उजळत होता.

सर म्हणाले, “गरम हवा उजेडाला नाचवते, पण उभ्याचा आडवा करत नाही. आता अंधार पडेल.”

पलीकडे बहीण आडवी झाली. माझ्यात मात्र पांढुरका उजेड तसाच राहिला.

“मास्तर, तुमच्या उजेडाला न्हाई म्हनता येत न्हाई व्हय? निवडनुकीला उभा करा त्याला,” बापूसाहेब म्हणाले. पाहुणे हसले.

सरांनी नळी खाली ठेवली. “हवेनेच फिरवला असेल. माझंच चुकलं.”

हवा निर्दोष होती. मला ते ठाऊक होते, पण काचेला तोंड नसते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात शाळा झाडणाऱ्या अनसाबाई पुढे आल्या. “सर, हवेचं न्हाई काय. म्याच सकाळी हिला राखेनं घासली. कंदिलाची घासते तशी. पाव्हनं येनार म्हनून.”

राखेने माझी चादर ओरखडली होती, म्हणून आडवा उजेडही पार होत होता. आता कुणी हसले नाही. पोती मात्र खोलीतच राहिली.

सर अनसाबाईंवर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सरांनी बाईंना नदीवर नेऊन मला त्यांच्या हाती दिले. “डोळ्यापुढे धरून फिरवा.”

त्यांनी फिरवले. ओरखड्यांतूनही पाण्यावरची चकाकी विझली आणि तळाचे गोटे दिसू लागले. त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

“सर, दोन महिनं हिच्यावरची धूळ म्या झाडते. हे आधी दावलं असतं, तर राख लावली असती व्हय?”

ओरखडे माझ्या अंगावर होते, पण लाजले सर.

मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसा. आणि ज्यांच्या हाती पुसायला द्याल, त्यांना आधी माझ्यातून एकदा पाहू द्या.