शशिकांतरावांचं 'बरं'

शशिकांतरावांना बोलता येत नाही असं झाशीत कुणी म्हटलं असतं, तर सदर बाजारातला पानवालासुद्धा हसला असता. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेला हा माणूस बाजारात तासन्‌तास हिंदीत गप्पा छाटायचा. घरात आला, मराठी सुरू झाली, की तोंडाला कुलूप! लहानपणी घरात रडलं की वडील कानाखाली वाजवत; हसणं, रडणं, भांडणं सगळं गल्लीत, मित्रांबरोबर, हिंदीत. घरच्या मराठीला उरलं काय, तर "चहा", "पंचा" आणि "बरं". मुलगी बकुळ सासरी निघाली तेव्हाही हे "बरं" म्हणाले.

आपल्याला आतून काही वाटतच नाही की काय, अशी त्यांना स्वतःचीच भीती वाटे.

अशात बायकोच्या, सिंधूच्या, गळ्याशी गाठ आली. गाठीचा तुकडा तपासायला गेला. आठ दिवस हे गृहस्थ मुकाट पेपर वाचत बसले. शेवटी ती कडाडली, "मला काही झालं तर तुम्हाला वाटेल तरी का हो काही?"

ह्यांनी पेपरचं पान उलटलं.

"मग निकाल काही का लागेना, मी बकुळकडे इंदूरला जाते राहायला. भिंतीशी किती बोलू?"

निकाल चांगला आला. साधी गाठ, काळजीचं काही नाही, डॉक्टर म्हणाले. शशिकांतराव म्हणाले, "बरं."

सिंधू तडक दवाखान्याबाहेर उभ्या ऑटोत जाऊन बसली. ऑटोवाला जयसिंग जुना ओळखीचा. काय झालं म्हणून त्यानं आपल्या बुंदेलीत विचारलं, "का भओ, बाबूजी?"

"कुछ नहीं निकला, भैया," शशिकांतराव म्हणाले, आणि भर रस्त्यात हुंदका फुटला. "आठ दिन से जान सूखी जा रही थी. इनके बिना हम कैसे जीते?"

म्हणजे वाटत होतं! सगळं वाटत होतं! त्यांना रडता रडता इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

"अहो, मग हे मला सांगायचं ना!" ऑटोतून डोकं बाहेर काढत सिंधू म्हणाली.

"मराठीत येत नाही गं."

"मग हिंदीत सांगा. मी काय कालच आलेय झाशीत?"

ते तिच्याशेजारी बसले. तिच्याकडे बघून हिंदीत बोलायचं म्हणजे परक्या बाईशी बोलल्यासारखं वाटलं, कान लाल झाले.

"मत जाइए इंदूर," ते म्हणाले. "हमें बहुत डर लगा था."

"नाही जात," डोळे पुसत सिंधू म्हणाली. "पण घरी पोचल्यावर बोलायचं थांबू नका हं."