आठ मशिनींचा लिलाव

मावशीच्या शिवणखान्यात आठ शिलाई मशिनी होत्या आणि आठही बँकेकडे गहाण. गिरणी चालू होती तोवर काळजी नव्हती. तिथल्या कामगारांचे कपडे तीच शिवायची. मग गिरणीने कर्ज बुडवलं. बँकेचं धाबं दणाणलं आणि तिने सगळ्यांचीच कर्जं एकदम परत मागितली. ज्याने त्याने मिळेल त्या भावाने माल विकून पैसे भरले. ते बँकेत गेले ते गेलेच. नवं कर्ज कुणालाच मिळेना. सुताराकडे लाकूड होतं, मावशीकडे कापड होतं, पण घ्यायला कुणाच्या खिशात दमडी नव्हती. मावशीचे तीन हप्ते थकले आणि दारावर लिलावाचा कागद लागला.

"कोपऱ्यावरच्या छापखान्याचं यंत्र भंगाराच्या भावात गेलं," सुतार मावशीला म्हणाला. "आणि दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या छापखानेवाल्याला बँकेची चिठ्ठी. तुमच्या यंत्राची किंमत उतरली, आणखी तारण द्या!"

मावशी ताडकन उठली. चप्पल घालून थेट समोरच्या शिंप्याकडे गेली. त्याच्या जिभेपायी सगळे त्याला कात्री म्हणत. एका गिऱ्हाइकावरून दोघांचं बिनसलं होतं, त्याला अकरा वर्षं झाली होती.

"ये," कात्री म्हणाला. "तुझ्या मशिनी स्वस्तात मिळतील म्हणून टपूनच बसलोय."

"घे की. आणि मग तुझ्या तीन गहाण मशिनींना बँक काय भाव लावेल, तेही सांग."

कात्रीने तोंडातली टाचणी काढून हातातल्या कापडात खोचली. "म्हणजे लिलावात कुणी बोलीच लावायची नाही," तो म्हणाला. "पण मी तुझ्यासाठी गप्प बसणार नाही हां. माझ्यासाठी बसेन."

"कुणासाठीही बस. पण बस."

पुढचे चार दिवस ती 'बोली लावू नका' सांगत दारोदार फिरली. कुणी ऐकलं, कुणी दार लावून घेतलं. दार लावणाऱ्यांकडे ती दुसऱ्यांदा गेली.

लिलावाच्या दिवशी शिवणखाना खच्चून भरला. बँकेच्या साहेबाने किंमत पुकारली. कुणी हूं की चूं केलं नाही. त्याने ती निम्म्यावर आणली, मग पाव किमतीवर. माणसं छताकडे बघत राहिली. शेवटी बाहेरगावचा एक भंगारवाला उठला.

"भाऊ," कात्री गोड आवाजात म्हणाला, "घ्याल हो, पण उचलणार कोण? इथला एक हमाल हात लावायचा नाही."

भंगारवाल्याने दाराशी उभ्या हमालांकडे पाहिलं आणि निमूटपणे खाली बसला.

"हा कट आहे!" साहेब लालबुंद झाला.

"कट कसला, साहेब?" मावशी म्हणाली. "विकत घ्यायला पैसा लागतो. तो तुम्हीच गोळा करून नेलात. मशिनी कोठारात टाकाल तर गंज मिळेल. इथे राहू द्याल तर हप्ता मिळेल, अर्धा का होईना."

"वर विचारावं लागेल."

"विचारा. तोवर मला काम आहे." तिने त्याच्यादेखत दाराच्या जवळची मशीन पुढे ओढली, जुन्या कोटाची बाही सुईखाली धरली आणि पायडल दाबलं. साहेबाला पुढचं काही बोलायचं असेल, तर ते त्या खडखडाटात ऐकूच आलं नाही.

पंधरा दिवसांनी बँकेचं पत्र आलं: हप्ता अर्धा, मुदत दुप्पट. मंदी काही हटली नाही. जागेचं भाडं झेपेना म्हणून मावशीने मशिनी घरात हलवल्या आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपू लागली. नवे कपडे कुणी शिवत नव्हतं. जुनेच उसवून, आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवून देण्यावर ती भागवत होती. तिची काजं वाकडी असतात, असं कात्री अजूनही गावभर सांगायचा.

महिन्याभराने सुताराच्या दारावर कागद लागला. लिलावाच्या सकाळी मावशी सगळ्यांच्या आधी तिथे पोचली, पुढचं बाक पकडलं आणि शेजारची जागा कात्रीसाठी पिशवी ठेवून अडवली.