परसातलं मस्टर

आमचे हे पारनेरच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी परसातल्या फुलांवर येणाऱ्या माश्यांचं मस्टर सुरू केलं. थट्टा करत नाही मी. चांगलं जाडजूड, लाल पुठ्ठ्याचं, हातानं रेघा मारलेलं. रकाने चार : नाव, वेळ, फूल आणि शेरा. सकाळी आंघोळ झाली की काळी टोपी घालून हे परसात स्टुलावर बसत आणि समोर जे उडत येईल त्याची हजेरी घेत. चौतीस वर्षं माणसांची हजेरी घेतलेला हात, तो रिकामा कसा राहणार!

ही गोष्ट एकाहत्तरच्या उन्हाळ्यातली. परसात झिनिया, सदाफुली, चार सूर्यफुलं आणि ऑफिस-टाईमचा एक मोठा वाफा होता. ऑफिस-टाईमची फुलं दहाच्या सुमाराला उमलतात, म्हणून ह्यांचा त्यांच्यावर फार जीव. पावणेदहापासून हातात घड्याळ धरून समोर उभे. एखादी कळी सव्वादहापर्यंत मिटलेली राहिली की चष्म्यावरून तिच्याकडे असं बघायचे, की मला त्या कळीची दया यायची.

येणाऱ्या-जाणाऱ्यांना ह्यांनी हुद्दे दिले होते. पडवीच्या बांबूत भोक पाडून राहणारा मोठा काळा भुंगा म्हणजे मामलेदार; उशिरा येतो, मोठ्यानं बोलतो आणि तो आला की बाकीचे बाजूला होतात. डाळिंबाच्या फांदीवर तळहाताएवढं मोहोळ होतं, त्यातल्या बारक्या मधमाश्या म्हणजे कारकून. आणि पांढरी फुलपाखरं म्हणजे पुढारी. येतात, सगळीकडे मिरवतात, काम कवडीचं नाही. आता भुंग्यांमध्ये बांबूला भोक पाडते ती मादी असते, हे मला पुढं कळलं. पण तोवर मामलेदाराचं नाव मस्टरवर चढलं होतं.

माझं म्हणाल तर मला त्या परसात एकाच गोष्टीत रस होता : कुंपणावर चढवलेला लाल भोपळ्याचा वेल. इकडे त्याला डांगर म्हणतात. आडाचं पाणी तळाला गेलेलं. आंघोळीचं निम्मं पाणी माझ्या वेलाला आणि निम्मं ह्यांच्या फुलांना, असा आमचा तह होता. तो रोज सकाळी मोडायचा आणि रोज संध्याकाळी परत व्हायचा.

एप्रिलातल्या एका शुक्रवारी माझ्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गौरीपुढं आरास करायला मी झिनियाची फुलं तोडायला गेले आणि एका कारकुनानं माझ्या वरच्या ओठाला डंख केला. तासाभरात ओठ बटाटेवड्याएवढा झाला. गल्लीतल्या पंचवीस बायका आल्या, आंब्याची डाळ खाल्ली, पन्हं प्यायल्या आणि माझ्या तोंडाकडे सोडून सगळीकडे बघत राहिल्या. जाताना एकीनं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "विष्णुपंतांचा स्वभाव अलीकडे तापट झालाय का हो?"

आमच्या ह्यांनी आयुष्यात झुरळावर चप्पल उगारली नाही. मी तणतणत परसात गेले, तर स्टुलावर मस्टर उघडं. शेरा असा : 'सौ.ना दंश. चूक सौ.ची. वाट अडवली.'

त्या क्षणी मी ठरवलं, ह्या मस्टरला पुन्हा हात लावायचा नाही. आणि आणखीही एक ठरवलं.

सोमवारी हे दाताच्या डॉक्टरकडे नगरला गेले. एस.टी. हलली असेल-नसेल, मी दूध घालणाऱ्या गोरक्षाला बोलावलं. त्यानं गोवरी पेटवून वर कडुलिंबाचा पाला टाकला आणि डाळिंबाखाली असा धूर केला की सगळी कचेरी उठून गेली. मोहोळ त्यानं काढून नेलं. पडवीच्या बांबूतलं भोक रिकामं दिसलं, ते मी ओल्या मातीनं लिंपून टाकलं. मामलेदार बाहेर फेरीवर गेलेले होते. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून हे मस्टर घेऊन बसत आणि बसूनच राहत. पुढारी तेवढे येत होते. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "एकदा कचेरीत संप झाला होता. पण तेव्हासुद्धा लोकांनी आधी नोटीस दिली होती."

मी म्हटलं, "ऊन फार आहे. येतील."

"हो. येतील," असं म्हणून ह्यांनी आमटी-भात संपवला. आमटीत मी मीठ घालायला विसरले होते. एरवी ह्यांनी त्यावर अर्धा तास घेतला असता. त्या दिवशी एक अक्षर नाही. मला ते फार लागलं. ह्यांना सगळं सांगून टाकावं, असं दिवसातून दहादा वाटे आणि दहादा धीर होत नसे. तो माणूस त्या स्टुलावर पुन्हा रिटायर झाला होता, आणि ह्या वेळी मी केला होता.

तोवर वेलानंही माझ्यावर सूड उगवला. फुलामागं लिंबाएवढं भोपळ्याचं पिल्लू दिसे, चार दिवसांत पिवळं पडे आणि गळून जाई. एक नाही, नऊ गळली. गोरक्षाची आई छबूबाई एकदा दूध घेऊन आली, तेव्हा तिला वेल दाखवला.

"वैनी, येलाचा काय दोस न्हाई," ती म्हणाली. "माशीच फिरंना, मंग फळ धरंल कसं? तांबडं फुटताना उठायचं. नुसत्या दांड्याचं फूल आसतं ते नराचं. ते तोडायचं, पाकळ्या काढायच्या, आन् पिल्लू आसल त्या फुलात फिरवायचं. ह्या डांगराचं लगीन आता तुमालाच लावाया लागंल." मग भांडं उचलता उचलता म्हणाली, "आन् आमच्या गोरक्ष्याला धूर कराया कुनी सांगितला हुता, त्ये मी इचारत न्हाई."

तेव्हापासून पहाटे उठून, पदर खोचून, हे झोपेत असताना मी कुंपणापाशी जायला लागले. ह्या फुलातून काढायचं, त्या फुलात फिरवायचं. कंबर मोडून येई. हाताला, नाकाला पिवळी पूड. एवढ्याशा माश्या हे काम दिवसभर, कोणी न सांगता, विनातक्रार करत होत्या, हे तेव्हा मला कळलं. मनातल्या मनात मी त्यांची माफी मागितली. ओठाची सोडून.

आठव्या दिवशी एक पिल्लू गळलं नाही. मुठीएवढं झालं, हिरवंगार. ते कोणाला दाखवू असं मला झालं. हे आत दाढी करत होते. स्टुलावर मस्टर उघडं होतं, त्यावर ह्यांचा चष्मा. माझी शपथ मोडली.

आदल्या सगळ्या दिवसांत कारकून आणि मामलेदार यांच्यापुढं 'गैरहजर, गैरहजर.' मी मागं गेले. '१९ एप्रिल. गोरक्ष यांनी धूर केला. सौ.च्या सांगण्यावरून. पडवीच्या बांबूवर सौ.ची बोटं उमटली आहेत. चौकशी करू नये.'

म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती अळणी आमटी त्यांनी सगळं माहीत असून खाल्ली होती. मी पायरीवरच बसले. मग पान पुढं उलटलं. आजची तारीख. नाव, वेळ, फूल, शेरा.

'इंदू. ६.१०. डांगर. नवीन भरती, काम चोख. कायम करावी.'

तेहतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी लग्नात घेतलं तेवढंच माझं नाव. पुढं 'अगं' आणि 'ऐकलंस का'. ते नाव पेन्सिलीनं, ठसठशीत अक्षरात, मामलेदाराच्या खालच्या ओळीत लिहिलेलं होतं. डोळ्यांना पदर लावला तर पदराची पिवळी पूड डोळ्यांत गेली आणि मी जास्तच रडले.

मग उठले. कालथा आणून पडवीच्या बांबूतली माती खरवडून काढली. आणि परत येऊन ह्यांचीच पेन्सिल घेतली. सहा दहा कुठलं? सहा दहाला हे उठले असतील. मी पावणेसहालाच हजर होते. ती वेळ मी खोडली, बरोबर वेळ लिहिली आणि शेजारी सही केली : इंदू.