कागदावरचा केशव

वरच्या डाव्या हातातल्या शंखावरची भुकटी तिने फुंकून उडवली आणि बाजूला झाली. आबा चष्मा पुसत मूर्तीसमोर आले. लेकीने एकटीने घडवलेली ही पहिलीच मूर्ती. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

“केशव सांगितला होता. हा माधव झालाय. डोळे फुटले होते का?”

दोघेही विष्णूच. हात चार, आयुधंही तीच चार; कुठल्या हातात काय, एवढ्यावरून नाव ठरतं. केशवाचा शंख वरच्या उजव्या हातात. आणि मूर्तीचा उजवा हात म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडचा, हे आबांनी दोन्ही मुलांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी थोरल्याकडून हाच घोळ झाला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातची छिन्नी काढून घेतली आणि त्याला घराबाहेर काढलं. सोन्यासारखा हात होता पोराचा. आता कुठेतरी फरशा बसवतो.

तिने भिंतीवरचा आराखडा काढून आबांपुढे धरला. रेघ आबांची, खाली सही आबांची. शंख वरच्या डाव्या हातात.

“तुला दिसलं नाही?”

“दिसलं. पण कागदाबाहेर छिन्नी जाऊ द्यायची नाही, हे तुमचंच. दादाही तेव्हा हेच सांगत होता. त्याचा कागद बघितलात तरी का तुम्ही?”

आबा स्टुलावर बसले. त्यांनी खिळ्यांचा डबा ओढला आणि तळातून एक घडी काढून तिच्या हातात दिली.

थोरल्याला तेव्हा दिलेला आराखडा, रेघ आबांचीच. तोच उलटा केशव. घड्यांवर कागद झिजला होता. पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीवर दुसरी, नवी पट्टी लावलेली. कागद एवढा झिजायला किती वेळा उघडावा लागतो, ते तिला कळत होतं. तिला त्यांची कीव आली नाही, संताप आला.

“फोन करा त्याला.”

“नंबर सांग.”

ती एकेक आकडा सांगत गेली. आबा त्याच कागदाच्या कडेला लिहीत गेले. आठवा आकडा लिहून त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

“हा दगड मोडीत काढ,” ते म्हणाले. “नवा कागद करून देतो.”

उरलेले दोन आकडे तिने तरीही सांगितले.