मी अडकलो आणि चाचा गेले

मी एक जुनं पिस्तूल आहे. पॉइंट टू-टू बोअरचं, बारीक काडतुसाचं, नेमबाजी शिकणाऱ्यांच्या हातात देतात ते. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. खरं सांगायचं तर माणसांशी माझी मैत्री आता उरलेली नाही. एक माणूस होता, त्यालाही तुमच्यातल्याच एकाने घालवलं. ऐकायचं असेल तर नीट बसून ऐका, नाहीतर आपल्या वाटेने चालू लागा.

माझा जन्म युरोपातल्या एका थंड गावातल्या कारखान्यात झाला. माझी नळी कातली गेली, अंगावर नंबर ठोकला गेला, अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली गेली. मग मला फोममध्ये दाबून विमानाने इथे पाठवलं. दुबईजवळच्या अजमानच्या वेशीवर एक शूटिंग क्लब आहे. तिथे माझी पेटी ज्यांनी उघडली ते हमदुल्ला चाचा. रत्नागिरीकडचे. क्लबातली सगळी शस्त्रं सांभाळणं, दुरुस्त करणं, कुलपात ठेवणं हे त्यांचं काम. मला हातात घेऊन ते म्हणाले, "आलास बाबा? चल, आता दोघांनी मिळून नोकरी करू." एकोणीस वर्षं आम्ही ती केली.

आमची बारीक काडतुसाची जात नखरेल असते, हे मी लपवत नाही. मोठ्या पिस्तुलांना काहीही खायला घाला, ती पचवतात. आम्हाला एका कंपनीचं काडतूस मानवतं, दुसऱ्याचं मानवत नाही. काडतुसाच्या शिशावरचं मेण आणि दारूची काजळी आत साचत जाते. मॅगझिनचं, म्हणजे काडतुसांच्या डबीचं, तोंड केसभर वाकलं तरी काडतूस तिरकं होऊन अडकतं. चाचा हे सगळं ओळखून होते. माझी तीन मॅगझिन होती, त्यांच्यावर त्यांनी नंबर घातले होते आणि कुठलं कधी रुसतं हे त्यांना पाठ होतं. मी अडकत नाही अशी माझी ख्याती होती. अर्थात माझं कौतुक झालं की लोक टाळ्या नेमबाजाला देत. चाचांकडे कोणी पाहत नसे.

यंदाच्या ऑगस्टमध्ये प्रकाश नावाचा माणूस आला. मूळचा पुण्याचा, राहायला दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सोबत सोळा वर्षांची मुलगी ईशानी. तिला ऑक्टोबरच्या निवड सामन्यात उतरायचं होतं आणि त्यासाठी क्लबातलं एक पिस्तूल निवडायचं होतं. प्रकाशने फोन उघडला.

"चाचा, मी सगळे रिव्ह्यू वाचलेत. ते कोपऱ्यातलं नवीन मॉडेल द्या. टॉप रेटेड आहे."

"प्रकाशभाऊ, रिव्ह्यू लिहिणाऱ्याचा हात वेगळा, पोरीचा वेगळा," चाचा म्हणाले. "बेटा, डोळे मीट. हात वर कर. आता उघड. नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच एका रेषेत आहेत का?"

नव्या पिस्तुलाचं तोंड तिच्या हातात खाली झुकलं. आणखी दोन पिस्तुलांचं तेच झालं. मग मला घेतलं.

"पपा, धिस वन. इट जस्ट पॉइंट्स," ईशानी म्हणाली.

प्रकाशचं तोंड आंबट झालं. पोरीने त्याच्या रिव्ह्यूंत नसलेली गोष्ट निवडली होती. चाचांनी पाच कंपन्यांची काडतुसं आणून तिच्याकडून प्रत्येकाच्या पन्नास गोळ्या झाडून घेतल्या. ज्या काडतुसाने मी एकदाही अडलो नाही आणि निशाणाच्या कागदावर छिद्रंही एकमेकांलगत पडली, तेच तिला लावून दिलं. माझी मूठ कानशीने घासून तिच्या तळव्याला बसवली. इतकं झाल्यावर प्रकाशने मला उचललं आणि रिकामाच चाप ओढायला सुरुवात केली. टक. टक. टक.

"अहो, थांबा!" चाचा ओरडले. "हिच्यात काडतूस नसलं तर पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते. काठ दबला की गन कामातून गेली. रिकामा घोडा पाडायचा नसतो."

चूक त्याचीच होती, पण ती मुलीसमोर दाखवली गेली. त्या दिवसापासून प्रकाशने चाचांवर दात धरला. मी त्याच्या मुठीत होतो, मला कळलं.

आमच्या क्लबात एक पद्धत आहे. ज्याने गन वापरली त्याने ती टेबलावर पुसून तेल द्यायची, मग चाचा ती थंड खोलीतल्या तिजोरीत ठेवायचे. तेलाची बाटली चाचांच्या कपाटात असे. शुक्रवारी दुपारी ते नमाजला जात तेव्हा कपाटाला कुलूप लागे. तेवढा पाऊण तास थांबलं तर काही बिघडत नव्हतं. पण प्रकाशला यल्ला यल्ला, चला चला करायची सवय. क्लबच्या दुकानात त्याने तेलाची किंमत विचारली.

"चाळीस दिरहम? एवढ्याशा बाटलीला? म्हणजे साडेनऊशे रुपये! ईशू, आपल्या गाडीत खोबरेल आहे ना? माझी आजी शिलाई मशीनला तेच घालायची. हंड्रेड पर्सेंट नॅचरल."

गाडी उन्हात तापलेली. बाटलीतलं तेल पाण्यासारखं पातळ. त्याने ते माझ्या वरच्या सरकत्या स्लाइडवर ओतलं, पिनच्या भोकात ओतलं आणि वरून रुमालाने लखलखीत पुसलं. चाचा परतले, त्यांनी मला फिरवून पाहिलं, तेलाचा हात फिरलेला दिसला, ठेवून दिलं. नाकाने कळलं असतं, पण कोविडमध्ये त्यांना वास येणं बंद झालं होतं ते पुन्हा सुरू झालंच नाही.

तिजोरीची खोली अठरा अंशांवर असते, नेमबाजीची रेंज त्याहून फार उबदार नसते. रात्रीतून ते खोबरेल माझ्या पोटात थिजलं.

निवडीआधीच्या पहिल्या चाचणी सामन्यात पिन रखडली. ती काडतुसाच्या काठावर हलकेच पडली आणि गोळी उडालीच नाही. पुढची उडाली तर स्लाइड अर्ध्यावर थांबली. ईशानीची पाच गोळ्यांची फेरी वाया गेली. चाचांनी मला मागच्या वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे एसी नाही. पंधरा मिनिटांत खोबरेल वितळलं आणि मी शहाण्यासारखा चालू लागलो! त्यांनी मॅगझिन बदललं, स्प्रिंग बदलली, चेंबर ब्रशने घासला, पन्नास गोळ्या झाडून पाहिल्या. एकही अडली नाही. पुढच्या शुक्रवारी प्रकाशने पुन्हा खोबरेल ओतलं आणि दुसऱ्या चाचणीत मी पुन्हा अडलो. मला वाचा असती तर मी त्याच्या बापजाद्यांचा उद्धार केला असता.

प्रकाशने क्लबच्या कमिटीला ईमेल लिहिला. म्हातारा माणूस, हात थरथरतात, सेफ्टीचा प्रश्न आहे, आम्ही पालक गप्प बसणार नाही. क्लबचा मॅनेजर देवांश, पस्तिशीचा, कमिटीपुढे वाकणारा. त्याने चाचांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर मी होतो.

"चाचा, समजून घ्या. माझ्यावर प्रेशर आहे. गन दोनदा फेल झाली आणि तुमच्याकडे एक्स्प्लनेशन नाही."

"साहेब, शोधतोय मी. थोडा टाइम द्या. माझी सुमैय्या बारावीला आहे, मार्चमध्ये बोर्ड आहे तिचं. माझा विझा गेला तर तिचा जातो, तिच्या अम्मीचा जातो. अर्ध्या वर्षातून पोरीला शाळेतून काढून कुठे नेऊ?"

"सॉरी, चाचा. सामन्यापर्यंत बघू. पण वर्कशॉपची चावी आजच द्या."

त्याने पुढे सरकवलेल्या, नोकरीवरून काढण्याच्या नोटिशीत निष्काळजीपणा असा शब्द होता. तो शब्द असला की दुसरा कुठला क्लब दारात उभं करत नाही. चाचांनी चावी ठेवली. मित्रांनो, त्यांचे हात थरथरत नव्हते. एकोणीस वर्षं मी त्या हातांत होतो, मला विचारा.

वर्कशॉप बंद झालं म्हणून सामन्याच्या सकाळी त्यांनी मला थंड खोलीतच उघडलं. अगदी पिनसुद्धा बाहेर काढली. पिन पांढऱ्या लोण्यात बरबटलेली होती. त्यांनी ते बोटावर घेतलं, दुसऱ्या बोटाने चोळलं. ते विरघळलं. कोकणातला माणूस, थंडीत थिजलेलं खोबरेल त्याला कोण ओळखून दाखवणार? कपाटाला कुलूप असूनही मला तेल लागलेलं असायचं, ते सगळे शुक्रवार त्यांना क्षणात आठवले. तिजोरीला टेकून ते हसले, आणि मग एक शिवी दिली. मला फार बरं वाटलं.

त्यांनी मला पेट्रोलने धुतलं, कोरडं केलं, योग्य तेलाचे दोन थेंब दिले. मनात आणलं असतं तर खोबरेल तसंच ठेवता आलं असतं. सामना बुडाला असता, प्रकाशची खोड मोडली असती. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. चाचांनी मला ईशानीच्या हाती दिलं आणि प्रकाशला बाजूला घेतलं.

"प्रकाशभाऊ, गनमध्ये खोबरेल होतं. थंडीत गोठतं ते. मी ते घालत नाही, आणि तुमच्याशिवाय हिला कोणी पुसत नाही."

प्रकाशचा चेहरा उतरला. "पण... मला माहीत नव्हतं, चाचा. खरंच."

"माहीत नव्हतं, माफ. पण साहेबाला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, कोकणचा माणूस, खोबरेल ह्यानेच घातलं आणि आता दुसऱ्यावर ढकलतोय. तुमच्या एका शब्दावर माझ्या पोरीचं वर्ष आहे."

"सांगतो ना. मॅच होऊ दे. आत्ता ईशूला टेन्शन नको. प्रॉमिस."

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले.

साठ गोळ्या. मी एकदाही अडलो नाही. ईशानी निवडली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि देवांश सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा, मेंटेनन्स नीट झाला की गन कशी चालते. चाचांना नोटीस दिली आणि प्रॉब्लेम संपला!"

लोक हसले. चाचांनी प्रकाशकडे पाहिलं. हात जोडायचे तेवढे बाकी होते. प्रकाशने घसा खाकरला, ओठ उघडले. देवांशने हात पुढे केला, "काँग्रॅच्युलेशन्स, सर!" आणि प्रकाशने तो हातात घेतला. "थँक यू," तो म्हणाला. बस, तेवढंच म्हणाला.

महिन्याभरात चाचा गावाकडे परत गेले. सुमैय्या, तिची अम्मी मैमुनाबी, तिघंही. जायच्या दिवशी चाचा तिजोरीच्या खोलीशी आले होते, पण नव्या माणसाने आत सोडलं नाही.

त्याच शुक्रवारी प्रकाश आला. त्याने पिशवीतून बाटली काढली. गनचं अस्सल तेल, दुकानातलं, चाळीस दिरहमचं.

"पपा, तू देवांश सरांना सांगितलंस? अबाउट द ऑइल?" ईशानीने विचारलं. म्हणजे तिनेही त्या सकाळी ऐकलं होतं.

"ते आता खलास झालं, बेटा. यू फोकस ऑन युअर शूटिंग."

तिने मला टेबलावरून उचललं. मग तिने हात वर केला, डोळे मिटले, उघडले, आणि चाप ओढला. गोळी मधोमध बसली. मला अडकायचं होतं, मनापासून अडकायचं होतं. पण आत योग्य तेल होतं आणि मी यंत्र आहे.

तर मित्रांनो, यंत्राला त्याचं त्याचं तेल द्या, रिकामा चाप ओढू नका, ज्याला कळतं त्याचं ऐका. हे सगळं तुम्ही विसरलात तरी एक वेळ मी माफ करीन. चूक कोणाच्याही हातून होते. पण ती झाली तर त्याच दिवशी तोंड उघडा, ज्याच्या माथी ती बसली आहे तो माणूस विमानात बसायच्या आत.