गव्हाणीकडं पाठ

आमच्या घरात विजेची गाडी आली ती माझ्या हट्टाने. कुरुंद्याहून वसमतच्या शाळेत शिकवायला मी रोज एसटीने जायचे, आणि एसटीला माझ्या हजेरीचं काहीच पडलेलं नव्हतं. गाडी दारात उभी राहिली तशी सगळी गल्ली गोळा झाली. माझे सासरे तातेराव, मी त्यांना मामा म्हणते, त्यांनी गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली आणि विचारलं, "समदं बराबर हाय. पर हिला चारायची कुठं?"

त्यांना चार्जिंग म्हणायचं होतं की खरंच चारायचं, हे मला आजवर कळलेलं नाही. प्रश्न मात्र बिनतोड होता. छप्पर असलेली आणि गाडी मावेल अशी जागा आमच्या घराला एकच, ती म्हणजे गोठा.

गोठा दोन वर्षांपासून रिकामा होता. रिकामा म्हणायचं इतकंच. मामा रोज सकाळी तो झाडत, कोरडी गव्हाण हाताने पुसत. माझ्या नवऱ्याने, हरीशने, एकदा तिथे हळदीची पोती टाकली, तर मामांनी ती सगळी ओसरीवर आणून ठेवली. तेव्हापासून गोठ्याचं नाव घरात कोणी काढत नव्हतं.

मी या घरात आले तेव्हा तिथे हौशा आणि मोऱ्या होते. हौशा कायम उजव्या अंगाला, मोऱ्या डाव्या. आऊताला तसंच आणि गोठ्यातही तसंच. हरीशने एकदा गंमत म्हणून अदलाबदल करून बांधले, तर दोघेही माना वाकड्या करून उभे राहिले, पेंडीला तोंड लावेनात. माझ्या पहिल्या पोळ्याला, आदल्या दिवशी खांदे मळायला लोणी-हळदीची वाटी माझ्या हातात दिली होती. मी भीत भीत हौशाच्या खांद्याला हात लावला आणि त्याने माझ्या नव्या लुगड्याचा पदर चघळायला घेतला. सासूबाई तेव्हा होत्या. हसता हसता त्यांना उभं राहता येईना. सांजेला गल्लीच्या टोकाला घुंगरं वाजली की मी चहाचं आधण ठेवायचे. अजूनही चहा ठेवताना कान तिकडे जातो. त्या दिवसांची मला फार आठवण येते, आणि ती सांगायला मला लाज वाटत नाही.

हौशा म्हातारा होऊन गेला. मोऱ्याने खाणं सोडलं. ट्रॅक्टर तर आलाच होता. तीन-चार गावं पलीकडच्या व्यंकटरावांना जोडीला एक बैल हवा होता, ते मोऱ्याला घेऊन गेले. महिनाभराने एका पहाटे मी दार उघडलं, तर मोऱ्या आपल्या खुंट्यापाशी उभा. गळ्यात तुटलेलं दावं, आणि कोणी न बांधता उभा. दुपारी व्यंकटराव येऊन त्याला परत घेऊन गेले. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

तर अशा गोठ्यात चार्जर बसवायचा होता. मीच धीर करून विचारलं. मामा बराच वेळ तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, "रिकामं तरी किती दिस ठिवायचं. लावा."

वसमतहून विश्वंभर नावाचा फिटर जागा बघायला आला. त्याने दोन प्रकार सांगितले. एक तर जाड पिनांचा साधा प्लग, रात्रभर लावून ठेवायचा. नाही तर भिंतीवरचा मोठा डबा, त्याने गाडी लवकर भरते, पण मीटरचा लोड वाढवून घ्यावा लागतो. हरीशला डबाच हवा होता. "घ्यायचं तर दणक्यात घ्यावं," म्हणाला. मी म्हटलं, मला वसमतला जाऊन यायचंय, हैदराबादला नाही, आणि रात्रभर गाडी दुसरं करणार तरी काय आहे? यावर आमचं चांगलंच वाजलं. शेवटी साधा प्लग ठरला.

"छोटा बसवला तरी अर्थिंग चांगलं पाहिजे," विश्वंभर म्हणाला. "खड्डा हितं घेऊ. ह्यो खुंटा काढून टाकू." आणि त्याने मोऱ्याच्या खुंट्यावर पाय ठेवला.

"त्याला हात लावायचा न्हाई," मामा दारातून म्हणाले.

माझं डोकं तापलं. एवढं सगळं जुळत आलं होतं. "मामा, बैल गेले. आता खुंट्याची काय पूजा करायचीय?"

मामा चिडले नाहीत. खुंट्याकडे बघत म्हणाले, "एकडाव आला व्हता ना त्यो. खुंटा व्हता म्हणून उभा राहिला. पुन्हा आला आन् खुंटाच न्हाई, तर काय समजंल त्यो?"

विश्वंभरने पाय उचलला. हरीश वडिलांना हळूच म्हणाला, "दादा, आता त्यो यायचा न्हाई."

"ते मला म्हाईत हाय."

मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. मी गोठ्यात उभी राहून नजरेने मापं घेऊ लागले. गाडी हौशाच्या बाजूला भिंतीशी लावली तर खुंटा वाचत होता. पण प्लग लावायचं तोंड गाडीच्या पुढे, डाव्या अंगाला. गाडी सरळ आत घातली की वायर मोऱ्याच्या जागेवरून जाणार.

"उलटी आत घातली तर?" मी विचारलं. "डावं अंग हौशाच्या भिंतीकडं येईल. प्लग दारापाशी, अर्थिंगचा खड्डा बाहेर."

विश्वंभरने मान हलवली. "बसतंय बराबर. पर म्याडम, रोज रिव्हर्स घ्यावं लागंल."

हरीश फिस्सकन हसला. माझं रिव्हर्स शाळेत प्रसिद्ध आहे, तिथल्या मैदानावर गाडी शिकताना फुटलेल्या फाटकाजवळच्या कुंड्या माझ्याच नावावर आहेत. "घेईन," मी म्हटलं.

"गव्हाणीकडं पाठ करून उभं राहणारं जनावर पहिल्यांदाच बघायलोय," मामा म्हणाले.

प्लग बसला त्या सांजेला मी गाडी गोठ्यापुढे आणली. हरीश डावीकडे घे, उजवीकडे घे करत इतका ओरडला की मी ब्रेक दाबून बसले. मग आरशात मामा दिसले. ते आत जाऊन खुंट्याशी उभे होते.

"सर," ते म्हणाले. "सर मागं. हां. सर."

बैलगाडीला जुंपताना ते जोडीला मागे घ्यायचे तो आवाज. हळू, बिनघाईचा. दोन वर्षांत तो मी ऐकला नव्हता. माझे हात आपोआप सैल झाले आणि गाडी भिंतीच्या कडेकडेने आत सरकत गेली.

"बस, हौशा. बस."

हरीशने माझ्याकडे बघितलं. मी स्टिअरिंगकडे बघत राहिले, कारण डोळे भरून आले होते. मामांनी गाडीच्या पाठीवर थाप मारली. मी उतरून प्लग लावला, बारीक हिरवा दिवा लागला.

"मंजुषा," मामा आतून म्हणाले, "मला अंधारात दिसत न्हाई. मोऱ्याला जागा राहिली का, बघ बरं."

मी आत गेले, वाकून नीट बघितलं.

"राहिली, मामा," मी म्हटलं. "अंग टाकून बसंल एवढी."